एकाच पिंपातलं पाणी

पुणे,
शनिवार, १४ जून २०२५

प्रिय बंडूदादास,
सरूचा नमस्कार.

पासलीला सगळे बरे असतील. भाताचा पेरा उरकला का? आईचा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार सांग. मोबाईलच्या काळात हिला पत्राचं काय खूळ सुचलं, म्हणशील. तू फोन उचलत नाहीस, मग दुसरं काय करू? आपल्या सोमनाथचा टेम्पो उद्या परत जातोय, त्याच्या हाती देते. निदान हे तरी तुला मध्येच कापता येणार नाही.

शेफालीला भोरहून इथं पुण्याला हलवलं. काचेपलीकडे असते. चार वर्षांची पोर, सुयांनी हात सुजलेत. दिवसभर बडबडायची तेव्हा हिच्या तोंडाला कुलूप लावा म्हणायचो आम्ही. आता नुसती बघते. जुलाबातले जंतू रक्तात उतरलेत, औषधं बदलून बदलून देतायत. मी बाहेर बसून देवाला वाटेल ते बोलते, दादा. शिव्यासुद्धा दिल्या.

मागे फोनवर तू म्हणालास, "माज्यावर ढकलू नगंस सरू, तुजी इळी बघ आदी." बघितली. खरं आहे तुझं. तुझ्याकडून आणलेल्या कोंबडीचा रस्सा रटरटा शिजला होता, तो कुणालाच बाधला नाही. शेफालीला तिखट चालत नाही म्हणून तिला काकडी चिरून दिली, ती कोंबडी चिरलेल्या विळीवरच. विळी फडक्यानं पुसली होती, धुतली नव्हती. का, तर कोंबडी दादानं धुऊन दिली आहे! बाजारात माझ्या भावाइतकं स्वच्छ कुणी देत नाही, असं मीच जगाला सांगत फिरायचे.

इथल्या डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, विकणारा धुऊन देतो ना, मग? त्या म्हणाल्या, दिवसभर एकाच पाण्यात सगळ्या कोंबड्या बुडवल्या तर एकीची घाण सगळ्यांना लागते, त्याला धुणं म्हणत नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे तुझं निळं पिंप आलं. पाणी लांबून आणावं लागतं म्हणून तू ते सकाळी एकदाच भरतोस. दुपारपर्यंत पाणी गुलाबी होतं. त्यातच बुडवायचं, झटकायचं आणि "घ्या ताई, एकदम साफ" म्हणून पिशवीत टाकायचं. गिऱ्हाइकंही खूश. तू मुद्दाम केलं नाहीस, मला ठाऊक आहे. भाचीसाठी मऊ मऊ तुकडे निवडत होतास तेव्हा मी समोरच उभी होते.

बाईंनी विचारलं, कोंबडी कुणाकडून घेतली? मी म्हटलं, बाजारातून, कुणाकडून ते आठवत नाही. हे शेजारीच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मेहुण्याचं नाव घ्यायचं की नाही, ते त्यांनी माझ्यावर सोडलं.

एक गोष्ट मघापासून लिहायची टाळते आहे. शेफालीच्या शेजारच्या खाटेवर भोंगवलीचा श्रेयस होता. तोही त्याच बाजाराच्या दिवसापासून आजारी. त्याच्या आजी, सगुणाबाई, स्वतःच्या डब्यातली भाकरी मला बळंच खायला लावायच्या. काल सकाळी तो गेला. सगुणाबाई मला धरून रडल्या. "कुनाला बोल लावू गं बाई? ज्याच्याकडनं आनली त्यो पासलीवाला लई चांगला मानूस. धुऊन दिली व्हती त्यानं." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. असं कुणाचं तोंड मला पुन्हा बघवणार नाही, दादा.

मंगळवारी परत बाजार आहे. तू परत ते पिंप भरशील आणि कुणाची तरी आई त्या पाण्यातली कोंबडी घरी नेईल. तुझ्या पाया पडते, दुकान मांडू नकोस. धंदा बसेल, लोक बोलतील, सगळं मान्य. तरी मांडू नकोस. तू ऐकशील असं वाटत नाही, म्हणूनच जीव नुसता खालीवर होतोय.

इथवर लिहून उठले होते. डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या होत्या. त्यांना तुझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, पिंपाचंही सांगितलं. सख्खा भाऊ आहे, तेही सांगितलं. आता तुझ्याकडे तपासणीची सरकारी माणसं येतील. त्यांच्याशी भांडू नकोस, विचारतील ते खरं सांग. आई म्हणेल, पोटच्या पोरीनं भावावर माणसं घातली. तिला श्रेयसचं सांग, काही लपवू नकोस.

शेफाली आहे तशीच आहे. जगली तर तिला घेऊन तुझ्या दारात येईन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

सख्ख्या भावाचं नाव सांगून आलेली,
तरी तुझीच,
सरू