एका रिंगची पोच

१२ मार्च २०२४

सकाळी विमानाच्या दोन फेऱ्या. तांदूळ, मीठ, छपराचे पत्रे. अरुणाचलच्या या दऱ्यांत दहानंतर वारा उठतो, त्याआधी उरकायचं. उतरल्यावर नेहमीसारखी भूमला घरी एक रिंग दिली. अप्पांनी कट केली. झालं आमचं बोलणं!

ही आमच्या घरच्या खव्याच्या धंद्यातली सवय. एसटीनं पाठवलेलं पार्सल सोलापूरला पोचलं की तिकडचा व्यापारी एक रिंग देतो, अप्पा कट करतात – पोच मिळाली. दिवाळीपासून ते लेकीशी बोलत नाहीत, पण रिंग कट करतात. मीही पार्सलच.

१५ मार्च

अव्वाचा फोन. कढईची खरवड काढताना लेकीची आठवण आली म्हणाली. खरवड कायम माझ्या वाटणीची. मागं अप्पा खोकले, पण फोन घेतला नाही.

"माणसं बसवतीस का विमानात? न्हाय. मग हमालीच की ती." – दिवाळीतलं त्यांचं वाक्य. मीही फटकन म्हणाले, तुम्ही तरी काय, जन्मभर खवाच वाहिला. तेवढं बोलायला नको होतं.

१८ मार्च

पाऊस. विमान जमिनीवर. घरी जावंसं वाटतंय. फार.

२१ मार्च

आज वाचलो. खिंडीच्या तोंडाशीच ढग खाली आले. विमान धपकन खाली गेलं, मागं जाळीखालची मिठाची पोती दणके द्यायला लागली. विमान माझ्या हातात होतं. शेजारी कॅप्टन रणधीर – "खिंड दिसतेय?"

"नाही."

"मग वळव."

वळवलं. डावीकडचा डोंगर इतका जवळ, की झाडांवरून निथळणारं पाणी दिसत होतं. नदी धरून खाली आलो आणि भलत्याच धावपट्टीवर उतरलो. अक्षर बघ कसं वाकडंतिकडं आलंय.

इथं रेंज नाही. अप्पा फोन समोर ठेवून बसले असतील. असतील ना?

२२ मार्च

ढग तसेच. रेंज नाही. खिशातून फोन किती वेळा काढला!

२३ मार्च

तळावर परतलो. उतरल्या उतरल्या रिंग दिली. कट झाली नाही. वाजतच राहिली. मग अप्पांचा आवाज –

"परवापासनं भट्टी पेटवली न्हाय." मग, "हवा कशी हाय तिकडं, शिवू?"