छोटीच्या तपासणीची संमती

चि. सूनबाईस,

काल तू कामावर असताना छोटीच्या वर्गशिक्षिका आल्या होत्या. छोटीला वाचनदोष असावा, असा त्यांचा अंदाज. पालकांच्या संमतीने तपासणी झाली, तर कायद्यानुसार परीक्षेत वाढीव वेळ आणि प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती शाळेने द्यावीच लागते, असे म्हणाल्या. “एकदा ऐकून अख्खा अध्याय म्हणते ती! निव्वळ आळस आहे,” असे सांगून मी त्यांना दारातूनच परत पाठवले. छोटी माझ्या मागेच उभी होती. जेवताना तिने विचारले, “आजोबा, आळस कसा घालवायचा हो?”

बाईंची क्षमा मागण्यास शाळेत जात आहे. संमतीची मुदत आज संपते, तेव्हा ही चिठ्ठी मिळताच तू सही करायला कामावरून परस्पर तिकडेच ये. छोटीची समजूत मात्र तू घालू नकोस. चूक माझी होती, हे तिने माझ्याच तोंडून ऐकावे.