थंड डोक्याची ट्रॉली

७ डिसेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या ड्रायव्हर लोकांचं सगळं रेकॉर्डवर असतं, माझंबी असावं. नाव कल्याण. वय एक्केचाळीस. कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क. स्वतःचं वजन लिहायची गरज न्हाई. मुक्काम अंकुशनगर, कारखान्याची कॉलनी.

संध्याकाळी सोमेश्वर रेस बघायला आल्ता. तो यार्डात सुपरवायझर, उसाच्या गाड्या नंबरानं लावतो. बारा वर्षं झाली, रविवारी आम्ही दोघं फॉर्म्युला वन बघतो. कॉलनीत आमच्यासारखे आम्ही दोघंच. बाकी सगळे क्रिकेटवाले.

आज लाल गाडीवाला पहिला चालला होता. टायर बदलायला आला अन् मागचं चाकच निघंना. अकरा सेकंद गेले. सोमेश्वर म्हणाला, नशीब. मी म्हणालो, नशीब हा हरणाऱ्याचा शब्द आहे. तो रेडिओवर मेकॅनिकवर ओरडला, तिथंच हरला. ड्रायव्हिंग म्हणजे वीस टक्के हात अन् ऐंशी टक्के टेम्परामेंट. डोकं थंड पाहिजे. माझ्यासारखं.

सोमेश्वर हसला. त्याला टेम्परामेंट समजावून सांगताना माझ्या हातून रिमोट सुटला अन् भिंतीला लागला. मीना म्हणते, फेकला. बायकोला फरक कळत न्हाई. सुटला. सोमेश्वर पोहे न खाताच गेला.

८ डिसेंबर
रिमोटचा एक सेल अजून सापडला न्हाई.

गेटवरच्या चहाच्या टपरीवर सोमेश्वर सगळ्या ट्रॅक्टर ड्रायव्हरांसमोर बोलला. पंचवीस जानेवारीला कुंभार पिंपळगावात ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स स्पर्धा आहे. म्हणे एवढं थंड डोकं आहे तर ट्रॉली मागं घेऊन दाखव. सगळे माझ्याकडं बघून राह्यले. मी शांतपणे हो म्हणालो. कप बशीवर जरा जोरात ठेवला गेला.

एका ड्रायव्हरनं विचारलं, साहेब, ट्रॅक्टर चालवलाय का कधी? म्हणालो, दहा सीझन झाले, रोज दोनशे ट्रॅक्टर माझ्या डोळ्यांसमोर काट्यावर चढतात अन् उतरतात. चालवणं वेगळं, समजणं वेगळं. तो चहाकडं वळला. पटलं असणार.

९ डिसेंबर, सकाळी ५.४०
संकल्प. ठेचा बंद. गार पाण्यानं आंघोळ. वीस मिनिटं प्राणायाम. कोणावरबी आवाज चढवायचा न्हाई.

सकाळी ६.०५
गार पाण्याचा संकल्प उन्हाळ्यात सुरू करू. शेजारच्या बेबीनंदा काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं, विंचू चावला का?

१४ डिसेंबर, रविवार
ट्रॅक्टरचा प्रश्न सुटला. सासऱ्यांचा आहे, कुंभार पिंपळगावातच. सासरे म्हणजे पुंजाराम आबा. वय सदुसष्ट. माणूस चांगला, पण टेम्परामेंट शून्य. बैल असताना बैलाला शिव्या, आता इंजिनाला. मोटार चालू झाली न्हाई तर विहिरीला शिव्या. फोनवर मीनानं विचारलं. आबा म्हणाले, जावायबापूंना ट्रॅक्टर कशाला लागतो? मीना म्हणाली, मागं न्यायला. आबा म्हणाले, कुठं मागं?

शेवटी हो म्हणाले.

२१ डिसेंबर
अभ्यास चालू. ट्रॉलीचं शास्त्र उलटं आहे. ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडं फिरवायचं. हे मानसशास्त्रच आहे. संसारातबी असंच. मीनाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे मला आठवीत असताना आबांनी शिकवलंय, त्यात वाचायचं काय?

काडेपेटीला मागं दुसरी काडेपेटी दोऱ्यानं बांधून पाटावर प्रॅक्टिस केली. सतरापैकी अकरा वेळा यशस्वी. बाकी सहा वेळा दोऱ्याचा दोष.

२८ डिसेंबर
ठेच्याशिवाय भाकरी म्हणजे शिक्षा. पण मी सहन करून राह्यलो.

सोमेश्वर डबा वेगळा खाऊन राह्यलाय. यार्डातल्या लिंबाखाली. मी काट्याच्या केबिनमध्ये. मला बिलकुल फरक पडत न्हाई. फक्त त्याच्या डब्यात आज भरलं वांगं होतं, हे लांबून ओळखू आलं.

४ जानेवारी, रविवार
पहिली प्रत्यक्ष प्रॅक्टिस. आबांच्या मोकळ्या रानात. ट्रॅक्टर सुरू करणं जमलं, दुसऱ्या प्रयत्नात. ट्रॉली मागं घेताना ती आपोआप आडवी झाली अन् कडब्याच्या गंजीत शिरली. वेग कमी असल्यामुळं गंजीचा एकच कोपरा पडला.

आबा बांधावरून ओरडले. पूर्ण वाक्य लिहिण्यासारखं न्हाई. त्यात ट्रॅक्टरची आई, ट्रॉलीची आई अन् कंपनीचा मालक आला. माझं नाव आलं न्हाई, जावई आहे म्हणून. मंग जवळ आले अन् म्हणाले, सरका, दाखवतो. मी नम्रपणे नकार दिला. ज्या माणसाला इंजिनाचा राग येतो, त्याच्याकडून काय शिकायचं? त्यांची पद्धत जुनी आहे. म्हणालो, आबा, मी व्हिडिओ बघतो ड्रायव्हरांचे, हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून काढलेले. आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. कडबा उचलायला लागले.

घरी येताना मीना गाडीवर मागं गप बसली होती. थकली असंल.

११ जानेवारी
ट्रॅक्टर उसाला गेल्ता. प्रॅक्टिस न्हाई. आबांनी फोनवर सांगितलं, सकाळी सहाला आलात तर तासभर मिळंल. सहाला थंडी असते. इंजिन थंड असताना प्रॅक्टिस केली तर चुकीची सवय लागते. असं मला वाटतं.

प्राणायाम चार दिवस झाले न्हाई, कारण वेळेवरून घरात वाद.

१४ जानेवारी, संक्रांत
मोठं मन केलं. सोमेश्वरला तिळगूळ द्यायला यार्डात गेलो. म्हणालो, गोड बोल. त्यानं घेतला, चेहराबी बरा केला. मंग म्हणाला, कल्या, नशीब असंल तर जिंकशील. पुन्हा नशीब! मी तिळगूळ परत घेतला.

दोन ट्रॅक्टरवाले बघून राह्यले होते. बघू द्या. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१८ जानेवारी
दुसरी प्रॅक्टिस. आज गंज वाचली. ट्रॉली वीस फूट सरळ मागं गेली. उतार होता असं मीना म्हणते.

तृप्ती म्हणजे आमची पोरगी, सहावीत आहे. तिनं शाळेत सांगितलंय की पप्पा चॅम्पियन होणार. मी तिला तसं म्हणालो न्हाई. फक्त ट्रॉफी कुठं ठेवायची ते विचारलं होतं. तिनं शोकेसमधून बाहुल्या काढून जागा केलीय.

२४ जानेवारी
स्पर्धेचा फ्लेक्स लागला. एकूण चौतीस स्पर्धक. पहिलं बक्षीस कूलर. माझ्या नावापुढं त्यांनी "अंकुशनगर" छापलंय. म्हणजे आता प्रश्न माझा एकट्याचा राह्यला न्हाई.

मन एकदम शांत. रात्री जेवण गेलं न्हाई, ते हलकं राहावं म्हणून.

२५ जानेवारी, रविवार. सकाळी ८.१५
मैदानावर. बाजार भरतो ती जागा. फक्कीनं दोन पांढऱ्या रेषा आखल्यात, नागमोडी. मधून ट्रॉली मागं न्यायची. रेषेला चाक लागलं की बाद. चिठ्ठी काढली, नंबर एकोणीस. आबा सकाळीच ट्रॅक्टर धुऊन घेऊन आल्ते. टायरची हवा स्वतः बघितली. माझ्याकडं न बघता म्हणाले, क्लच जल्दी सोडू नका.

सोमेश्वरबी आलाय. लांब, झेंड्याच्या काठीजवळ उभा. माझी फजिती बघायला आला असणार. हातात दोन डबे आहेत. एकट्याला दोन डबे कशाला?

संध्याकाळी ६.३०
आता जे बराबर झालं तेच लिहितो.

अठरा जण झाले. सगळ्यात चांगला वेळ एक मिनिट एकतीस सेकंद. माझा नंबर आला. माईकवर नाव आलं, तृप्ती ओरडली. मी तीन दीर्घ श्वास घेतले. शिट्टी वाजली. पहिलं वळण व्यवस्थित गेलो, हे कोणीबी सांगंल. दुसऱ्या वळणावर ट्रॉलीनं स्वतःचा निर्णय घेतला. मी स्टिअरिंग उजवीकडं केलं, मंग डावीकडं, मंग शास्त्र आठवून परत उजवीकडं. ट्रॅक्टर अन् ट्रॉली एकमेकांकडं तोंड करून उभे राह्यले, कोयता मिटतो तसे. ट्रॉलीचं मागचं टोक पंचाच्या टेबलाला लागलं. टेबल पडलं. पंच उठून उभे होते म्हणून बरं.

पंचांनी लाल झेंडी दाखवली. मी उतरलो अन् त्यांना दोन शब्द समजावून सांगितले. शिट्टी उशिरा वाजली. फक्की वाकडी. सूर्य डोळ्यांवर. रात्री कोणीतरी मैदानात पाणी मारलं. हे आजचं सगळं माझ्या विरोधात होतं. टेबलावरचा माईक पडून चालूच होता, हे मला कोणी सांगितलं न्हाई. अख्ख्या बाजारानं ऐकलं. मी पंचांची कॉलर धरली असं म्हणतात. मी हात ठेवला होता.

सोमेश्वरनं मला मागून कवळ्यात धरून बाजूला नेलं. म्हणाला, पोरगी बघून राह्यली, कल्या.

मंग आबा आले. टोपी खिशात कोंबली, ट्रॅक्टरवर चढले. तोंड चालूच. ट्रॅक्टरला, ट्रॉलीला, फक्की आखणाऱ्याला, मैदानाला, सगळ्यांना. गाडी पुढं, सुरुवातीच्या जागेपर्यंत घेऊन सरळ केली. बाहेर जायचा रस्ता मागच्या बाजूला होता, पुढं विसाव्या नंबरचा ट्रॅक्टर लागलेला. म्हणून आबांनी तीच नागमोडी वाट धरली. एक हात स्टिअरिंगवर, मान मागं, अन् शिव्यांना खंड न्हाई. ट्रॉली दोन्ही रेषांच्या मधून पाण्यासारखी गेली. कुठं थांबली न्हाई, कुठं चाक लागलं न्हाई. मैदान आधी हसून राह्यलं होतं, मंग शिट्ट्या.

सोमेश्वरनं मोबाईलवर वेळ लावला होता. एक मिनिट नऊ सेकंद. मला दाखवला. म्हणाला, हे नशीब न्हाई रे. मी म्हणालो, हे टेम्परामेंटबी न्हाई. बारा वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं. दोघांनाबी कसंतरीच वाटलं.

पंच म्हणाले, नोंदणी न्हाई, म्हणून बक्षीस न्हाई. आबा म्हणाले, मला कूलर नको, टेबलाचा काय खर्चा आला ते सांगा. मी पंचांची माफी मागितली. तृप्तीसमोर. ते लिहायला सोपं आहे.

दुसरा डबा माझाच होता. भरलं वांगं. ठेचाबी होता. मैदानाकडंच्या लिंबाखाली बसून सगळा खाल्ला.

जाताना आबांजवळ गेलो. ते ट्रॉलीचा पोचा हातानं चाचपून राह्यले होते. म्हणालो, आबा, तुम्ही एवढं भारी चालवता, कधी बोलला न्हाईत. त्यांनी वर बघितलं न्हाई. म्हणाले, "चाळीस वर्षं झाली चालवून. आजवर कोणी विचारलंच न्हाई, आबा, कसं करता म्हणून. पोरीनं तेवढं विचारलं होतं."

मीना शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मला त्या दिवशीचा बांध अन् टोपी आठवली. मी म्हणालो, मला शिकवता का?

आबा म्हणाले, "रविवारी या. सहाला."

२६ जानेवारी
झेंडावंदनाला दोन जणांनी माईक पुढं केला. मी हसलो. जवळजवळ खरं हसलो.

शोकेसमध्ये तृप्तीनं बाहुल्या परत ठेवल्या. न सांगता.

२९ जानेवारी
विचार केला. झालं ते चांगलंच झालं. पाया पक्का नसताना मी स्पर्धेत उतरलो होतो. आता पद्धतशीर प्रशिक्षण. माझ्यासारखा शांत माणूस लवकर शिकतो. दोन रविवारांत नागमोडी, तिसऱ्या रविवारी डबल ट्रॉली. पुढच्या वर्षी तालुका न्हाई, जिल्हा. सोमेश्वरला सांगितलं. तो म्हणाला, नशीब तुझं, की सासरा असा मिळाला. मी काही बोललो न्हाई. रिमोट मीनानं आधीच उचलून ठेवला होता.

१ फेब्रुवारी, रविवार
सहाला पोचलो. साडेसहा म्हणू. आबा मडगार्डवर बसले. मी म्हणालो, ट्रॉली जोडू का? आबा म्हणाले, ट्रॉली न्हाई. मंग मी रिव्हर्स टाकायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला.

"जावायबापू, आधी पुढं जाता येऊ द्या. मागचं मंग बघू."

एक तास बांधाकडेनं सरळ पुढं गेलो. फक्त पुढं. पहिल्या गिअरमध्ये. आबांनी एकबी शिवी दिली न्हाई, त्यामुळं जरा भीतीच वाटली. सातच्या सुमारास मीना चहाची किटली घेऊन घराकडून पायी आली, चालत्या ट्रॅक्टरच्या शेजारून पुढं निघून गेली, अन् बांधाच्या टोकाला जाऊन आमची वाट बघत बसली.

मी तिला जागा दिली होती.