फाळक्यावरची थाप

३ फेब्रुवारी, कोपर

आलो एकदाचे मुंबईला! तसं हे डोंबिवलीचं कोपर, पण गावी लांज्यात फोन करून सांगताना मुंबईच म्हणायचं असं रुचिताचं आणि माझं ठरलंय. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांचाच संसार, त्यामुळे बाईसाहेब जाम खूश आहेत. खोली चाळीतली, पण खिडकीत ऊन येतं आणि सकाळी पाणी धो धो. खोली गणूशेठ म्हात्र्यांची आणि मी चालवणार ती पिकअपही त्यांचीच. ते इथले मूळचे. भातशेती होती तिथे आता त्यांच्या इमारती उभ्या आहेत. माणूस मात्र दिलखुलास. किल्ली देताना म्हणाले, "गारी नाय ती, लक्ष्मी हाय. नीट वापर."

काम सोपं आहे. दुकानातून कपाटं, पलंग उचलायचे आणि कल्याण-ठाण्याच्या नव्या टॉवरांत पोचवायचे. ही वही रुचिताने दिली. म्हणाली, गाडीच्या गप्पा मारून माझं डोकं खाऊ नका, हिचं खा.

६ फेब्रुवारी

गाडीत आवाज आहे. मागून कुठून तरी, पत्र्यावर काहीतरी आपटल्यासारखा. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, पण माझे कान म्हणजे कान आहेत. गावी नाक्यावर जीप वळली की मी घरात बसून सांगायचो, पुढचं डावं बेअरिंग गेलंय.

हौद्याचा मागचा फाळका, म्हणजे सामान उतरवताना खाली पाडतात तो पत्रा, कडीत सैल वाटला. जुन्या ट्यूबची पट्टी कापून कडीत ठोकली. आता वाजून दाखव म्हणावं.

१० फेब्रुवारी

वाजतोच. उत्तम मेकॅनिककडे नेली. त्याचं गॅरेज डोंबिवली पूर्वेला आहे. त्याने पाटे बघितले, बुश बदलले, स्टेपनी काढून बाजूला ठेवली. माझ्याकडे मात्र एकदाही नजर वर करून बघितलं नाही, सगळं बोलणं टायरांशीच. मग रुचिताला हौद्यात बसवून मैदानात चकरा मारल्या. तिला आवाज आला नाही. उलट सगळ्या चाळीसमोर भाजीसारखं हौद्यात बसवलं म्हणून ती संध्याकाळपर्यंत फुगून बसली होती. गणूशेठ हसत होते. "जुनी गारी हाय, वाजंलच. तुजं कान लय तिखाट!"

१४ फेब्रुवारी

आज कळलं. आवाज पुढे जाताना येतच नाही. गाडी मागे घेतानाच येतो. ठाप, ठाप. दोनदा.

आमच्या धंद्यात मागे उभा असलेला माणूस फाळक्यावर थाप मारून सांगतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. ड्रायव्हर वळून बघत नाही. थाप ऐकली की पाय आपोआप हलतो, डोक्याला विचारत नाही.

खडकपाड्याच्या टॉवरखाली मला दोन थापा आल्या, मी गाडी मागे घेतली. कडकन आवाज झाला. उतरून बघतो तर एका पोराची सायकल पापडासारखी चपटी. देवाची कृपा, पोर जवळ नव्हतं. मी हमालांवर ओरडलो, थाप कोणी मारली म्हणून. ते दोघेही समोरच्या टपरीवर चहा पीत उभे होते. मागे कोणीच नव्हतं.

रुचिताला फक्त सायकलीचं सांगितलं.

१७ फेब्रुवारी

भुताखेतांवर आपला विश्वास नाही. आवाज आहे म्हणजे कारण आहे.

दुपारी मैदानात गाडी रिकामी केली. आमची जाड गोधडी फाळक्यावर आतून-बाहेरून गुंडाळून सुतळीने आवळली. आता त्यावर कोणी घणाने मारलं तरी बद्द वाजेल. रिव्हर्स टाकला.

ठाप, ठाप. उघड्या पत्र्यावर, स्वच्छ, मोकळ्या तळव्याने मारल्यासारखी.

आणि माझा पाय क्लचवरून उचलला गेलेला. मी उचलला नव्हता.

घाबरलोय मी. लिहायला लाज वाटते, पण घाबरलोय.

१९ फेब्रुवारी

उत्तमला खोदून खोदून विचारलं. आज बोलला.

माझ्या आधी गाडीवर त्र्यंबक नावाचा ड्रायव्हर होता आणि मागे सामान उतरवायला दौलत. दोघे एका गावचे, एका ताटात जेवणारे. उल्हासनगरात गाडी मागे घेताना दौलत फाळका आणि भिंतीच्या मध्ये सापडला. जागेवर गेला. त्र्यंबक शपथा घेऊन सांगत होता, दौलतनेच दोन थापा मारल्या. कोणी विश्वास ठेवला नाही, कारण दौलतच्या दोन्ही हातांत कपाटाचा आरसा होता. काढताना सुद्धा तो आरसा त्याच्या मिठीतच होता म्हणे.

म्हणजे ही थाप दौलतची नाही. दौलत जिवंत असतानाही ती होती. त्यालाही तिनेच...

मी म्हटलं, त्र्यंबक खोटं बोलत नव्हता. उत्तम म्हणाला, कळतंय रे मला. गाडी सोड. बायको आहे तुला.

२० फेब्रुवारी

सोडली. गणूशेठना सांगितलं, दुसरीकडे काम मिळालंय. खोलीही त्यांचीच, म्हणजे तीही गेली. विठ्ठलवाडीला रुचिताच्या मावसबहिणीच्या इमारतीत जागा मिळतेय. परवा जायचं. गाडीला पुन्हा हात लावणार नाही. दुसरा टेम्पो सांगून आलो. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

२२ फेब्रुवारी, सकाळ

टेम्पोवाल्याला वेळ सांगून परत येतो तर दारात पिकअप. सामान भरलेलं. गणूशेठनी स्वतः आणून लावली. "आपली गारी असताना भारा कनाला देतंस? पोचव नि संध्याकाली आनून दे." रुचिताने त्यांना चहा पाजला, वर दोनदा आभार मानले. मी नको म्हटलं तर दोघं माझ्याकडे बघत राहिले. एवढ्या मायेने दिलेलं नाकारायचं कसं?

तिला सगळं सांगितलं. दौलतचंही. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

ठीक आहे. रिव्हर्स घ्यायचाच नाही. कुठेही. मग काय करेल?

२२ फेब्रुवारी, विठ्ठलवाडी

पोचलो. एकदाही रिव्हर्स न घेता. इमारतीच्या दारापर्यंत चढ आहे, सरळ नाकासमोर वर चढवली. मागे गल्ली उतरती, पलीकडे कंपाउंडची भिंत.

माझं दार भिंतीला घासून आहे, उघडत नाही. डाव्या सीटवर गाद्या जवळजवळ छतापर्यंत. मधे अंग चोरून बसलेली रुचिता गाद्यांवरून सरकून खिडकीतून उतरली, मला जमत नाही. गाद्या निघेपर्यंत इथेच.

रिव्हर्स पडू नये म्हणून गिअर काढून गाडी न्यूट्रलला ठेवलीय. हँडब्रेक घट्ट ओढलाय. इंजिन बंद. किल्ली तिच्याकडे दिली. पाय वर घेऊन मांडी घातलीय, पायांचा भरवसा नाही. हात गुंतलेले राहावेत म्हणून लिहितोय.

ती मागे गेलीय. ओरडलो, मागे उभी राहू नकोस, आधी गाद्या काढ. तिचा आवाज आला, "अहो, किती घाबरता! आधी देव आत जातात. देव्हारा उतरवते नि आलेच."

फाळका पाडल्याचा आवाज. सामानाच्या फटीतून आरशात दिसतेय. देव्हारा दोन्ही हातांनी छातीशी धरलाय. हसतेय माझ्याकडे बघून.

ठाप, ठाप.

तिचे हात देव्हाऱ्यावर आहेत. दोन्ही. रुचिता बाजूला हो — ओरडतोय, ती मान हलवून "काय? काय?" विचारतेय — बाजूला —

ठाप, ठाप.

नाही हलणार. किल्ली नाही. पाय मांडीखाली. उजवा हात लिहितोय, हा बघ लिहितोय, लिहीत राहायचं — डाव्याने वही धरलीय —

वही घसरतेय.

डावा हात वहीवर नाही. डावा हात हँडब्रेकच्या