उजव्या पायाचा ब्रेक

ताइपिंग, मलेशिया,
१४ जानेवारी २०१८

कमारुल यास,

अस्सलामु अलैकुम. आम्ही इकडे ठीक. तुम्ही दोघं तिकडे सुखरूप असाल अशी आशा करतो. 'तिकडे' म्हणजे कुठे ते मला कळलं आहे, म्हणूनच लिहायला बसलो.

एकतीस वर्षं मी लोकांची पत्रं घरोघरी वाटली, स्वतः मात्र चार-पाचच लिहिली असतील. पण फोनवर माझा आवाज चढेल, तू 'हो रे, हो रे' करत ठेवून देशील. कागदावर मला कुणी अडवत नाही.

आधी बातम्या. तळ्याकाठचं एक जुनं झाड पडलं, दोन दिवस रस्ता बंद होता. मैमूनच्या गुडघ्याला आराम आहे. तुझ्या घराबाहेरचा दिवा दिवसाढवळ्या जळतोय. वीज खात्यात उभा जन्म काढलेला माणूस दिवा बंद करायला विसरला, म्हणजे फारच घाईत निघालात.

परवाच्या शुक्रवारी नमाजानंतर मी कासिमच्या दुकानात रोटी खायला गेलो. कासिम पीठ हवेत फिरवता फिरवता थांबलाच.

"पोस्टमन, तू इथे? मला वाटलं तिघं गेलात!"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? थायलंडला, मे होंग सोनला. गेल्या शनिवारी कमारुल आणि लियोंग इथूनच चहा पिऊन निघाले की! सामान बांधलेलं, नवी जाकिटं. तुझं विचारलं तर म्हणाले, त्याची तब्येत बरी नाही."

सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. मी म्हटलं, "हो, जरा कंबर धरली आहे." रोटी पुढ्यात आली, ती खाल्ली. कशाबरोबर खाल्ली ते आठवत नाही.

डिसेंबरात माझ्या ओट्यावर बसून तू काय म्हणालास? "लियोंगच्या आईचं काही खरं नाही रे. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू." मी त्या म्हातारीसाठी तीन शुक्रवार दुआ मागितली. काल ती बाजारात दिसली. कोळंबीच्या भावावरून हुज्जत घालत होती, आवाज खणखणीत.

अकरा वर्षं आपण या प्रवासाचं बोलतोय. नकाशा मी काढला. कुठे पेट्रोल मिळेल, कुठे हलाल जेवण मिळेल, कुठे मुक्काम करायचा, चुम्फोनच्या स्टेशनमागचं लमाईबाईचं विश्रामगृह, सगळं माझ्या अक्षरात आहे. तो कागद घेऊन तुम्ही गेलात. माणूस तेवढा मागे ठेवलात.

आणि गाडीचं काय? कंबरेचं ऑपरेशन झाल्यावर मी जुनी मोटरसायकल विकली, तेव्हा तूच म्हणालास, "लांब जायचं तर गाडी बघायला नाही, बसायला चांगली हवी." सात महिने आपण शोरूम पालथी घातली. इपोह, सुंगाई पतानी, बटरवर्थ. तू मला एकेका गाडीवर अर्धा अर्धा तास बसवून ठेवायचास आणि स्वतः खाली उकिडवा बसून माझ्या टाचा जमिनीला टेकतात का ते बघायचास. विकणारी पोरं तोंड लपवून हसायची. ती पुढे ओणवून चालवायची लाल गाडी, "वीस मैलांत मनगटं कामातून जातील." ती उंच, डोंगरातली, "उभी करताना पाय लोंबकळत राहील." पाय पुढे पसरून बसायची ती लांबलचक गाडी मला फार आवडली होती. तू म्हणालास, "सोफा आहे, कबूल. पण रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट तुझ्या मणक्यात." काच हनुवटीच्या वर यावी, म्हणजे वारा छातीवर बसत नाही. हँडल इतकं जवळ असावं की कोपर सैल राहील. हे सगळं तू मला शिकवलंस, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

मग मधेच तुझ्या डोक्यात ती मोठी स्कूटर शिरली. "गिअर नाहीत, दोन्ही ब्रेक हातात, ऐसपैस सीट. तुला हीच बरी." मी म्हटलं, "मला मे होंग सोनला जायचंय, मासळी आणायला नाही." तू चिडलास. चाळीस वर्षांत तुला चिडलेलं मी दोनदा पाहिलं, त्यातली ही एक वेळ. शेवटी मी माझ्याच मनाने ती निळी, सरळ बसायची गाडी घेतली. तरी तिच्या सीटमधला फोम बदलून घ्यायला माझ्याबरोबर कोण आलं? तूच. कारागिराला म्हणालास, "माकडहाडाच्या जागी जरा खोलगट कर, याला दिवसदिवस बसायचंय."

एवढंच सांग. ते बोलत होतास तेव्हा मला न्यायचं नाही हे ठरलेलं होतं ना?

शुक्रवारी घरी येऊन मी मैमूनला सांगितलं. ती इस्त्री करत होती. हात थांबला नाही.

"अहो, मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. तुम्ही मशिदीत होतात, तेव्हा कमारुल आला होता."

"आणि काय ठरवलंत?"

"ठरवायचं काय त्यात? मी रडले. तो म्हणाला, मी बघतो."

तू बघितलंस! माझ्याच बैठकीत, माझ्याच घरचा चहा पीत, तुम्ही दोघांनी माझं म्हातारपण ठरवून टाकलंत, आणि वर तीन महिने मला गाडीच्या नादात रमवलंत. खुळखुळा दाखवून मूल झोपवतात तसं.

मैमून काल बहिणीकडे निघून गेली. मी उद्या सकाळी निघतोय, एकटा. नकाशा मला पाठ आहे.

शहारोम बिन इद्रुस
(निवृत्त पोस्टमन)


चुम्फोन,
१७ जानेवारी

कमारुल,

आधी लिहिलेलं पत्र तुला नंतर मिळेल. ते मी निघताना पेटीत टाकलं, ते तुझ्या दारात पडून असेल. लोक मला विचारायचे, "पोस्टमन, पेटीत टाकलेलं पत्र परत मिळेल का हो?" मी म्हणायचो, नाही. तर आता माझंही नाही. त्यातला शब्द न शब्द मी आजही मागे घेत नाही. फक्त एक गोष्ट त्यात लिहायची राहिली होती.

तुम्ही परतीच्या वाटेवर एकोणीस तारखेला इथे उतराल. मीच तसं लिहून ठेवलं होतं. म्हणून हे पत्र लमाईबाईपाशी ठेवतोय.

गाडी फार चांगली आहे. पहिल्या दिवशी मुक्काम हात याई गावी, दुसऱ्या दिवशी सुरत थानीला. कंबर एकदाही बोलली नाही. काचेच्या आड बसलं की वारा डोक्यावरून जातो, आणि एका लयीत रबराच्या बागा मागे पडत राहतात. मी मोठमोठ्याने गात होतो. तुला शिव्याही देत होतो, त्याही त्याच चालीवर.

आज सकाळी अकराच्या सुमाराला या गावाच्या बाजाराशी आलो. वेग फारसा नव्हता. एक बाई अननसांची हातगाडी ढकलत रस्त्यात आली. मला ती लांबूनच दिसली होती, हे तू लक्षात घे. मी उजवा पाय दाबला, दाबतच राहिलो, आणि गाडी काही हळू होईना. खाली बघितलं तर पाय ब्रेकवर नव्हताच, शेजारच्या आडव्या दांडीवर होता. मला पत्ताच नव्हता. मग पुढचा ब्रेक असा आवळला की गाडी आडवी झाली, घसरत गेली आणि हातगाडीला धडकली. बाई अननसांसकट रस्त्यावर बसली.

तिचं कोपर खरचटलं. बाकी काही झालं नाही, अल्लाची कृपा. तिने मला अशा शिव्या घातल्या की भाषा कळत नसूनही सगळं समजलं. माझा खांदा ठेचला आहे. गाडी तिच्या नवऱ्याने आणि आणखी दोघांनी उचलली. मी उठून उभा राहिलो तेव्हा ती बाई शिव्या द्यायची एकदम थांबली आणि माझ्या पायाकडे बोट दाखवायला लागली. बुटाचा पुढचा भाग फाटला होता, अंगठ्यातून रक्त येत होतं. तिला ते दिसलं. मला ते दुखतही नव्हतं.

तर ती गोष्ट अशी. ऑपरेशन झाल्यापासून माझ्या उजव्या तळव्याला काही कळत नाही. पाणी ऊन की गार ते कळत नाही. चप्पल पायातून निसटते आणि मी तसाच घरभर फिरतो. डॉक्टरने टाचणी टोचून "दुखतंय का?" विचारलं, तेव्हा मी भिंतीवरच्या त्याच्या हाताच्या सावलीकडे बघून बरोब्बर "हो" म्हणालो होतो. मैमूनलाही सांगितलं नाही. कुणालाच नाही.

पण तुला माहीत होतं. बटरवर्थला मी त्या राखाडी गाडीवरून चाचणीची फेरी मारत होतो, तू मागून येत होतास. सिग्नलला मी थांबलो नाही. छत्री घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती, तिच्या छत्रीला माझा आरसा लागला. मी तुला म्हटलं, "नवी गाडी, ब्रेकचा अंदाज आला नाही." तू माझ्याकडे बघितलंस, मग माझ्या बुटाकडे बघितलंस, आणि घरी येईपर्यंत एक अक्षर बोलला नाहीस. पुढच्याच आठवड्यात स्कूटर काढलीस. दोन्ही ब्रेक हातात.

मला तेव्हाच कळलं होतं की तुला कळलंय. म्हणून तर मी मासळीचा विनोद केला.

आता तू म्हणशील, मग राग कसला? ऐक. तुझं बरोबर होतं. मला चालवू द्यायला नको होतं. आज ती बाई दोन हात पुढे असती तर मी हे पत्र कुठल्यातरी तुरुंगाच्या कोठडीतून लिहीत असतो. पण बरोबर असलेला माणूससुद्धा दगा देऊ शकतो, कमारुल. बटरवर्थच्या त्या सिग्नलला तू गाडी आडवी घालून म्हणायला हवं होतंस, "शहारोम, तुझा पाय मेलाय. उतर." मी भांडलो असतो. वर्षभर तुझं तोंड बघितलं नसतं. तरी ते तू मला सांगितलेलं असतं. तू ते माझ्या बायकोला सांगितलंस. मला फोम सांगितलास, काच सांगितलीस, आणि एका म्हातारीचं आजारपण सांगितलंस. सबंध गावाला ठाऊक असलेली गोष्ट मला रोटी लाटणाऱ्याकडून कळली.

मी लपवलं ते भीतीने. तू लपवलंस ते दयेने. तुझं लपवणं मला जास्त लागलं.

मघाशी मैमूनला फोन केला. पायाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, या घरी. डॉक्टरकडे मी येते बरोबर, या वेळी टाचणी मीच टोचते." मी हसलो. मग ती रडली. तिच्याशी मी भांडेन की नाही, ते घरी गेल्यावर बघू. बहुतेक नाही.

तुझं तसं नाही.

मी आज दुपारच्या गाडीने निघतोय, आगगाडीने. अननसवालीचं नुकसान भरून दिलं आहे, तिच्या कोपराला पट्टीही करून आणली. तिने जाताना मला एक अननस दिला, रागानेच. निळी गाडी लमाईबाईच्या अंगणात, टाकीवर ओरखडे आहेत आणि उजवा आरसा तुटला आहे. किल्ली या पाकिटात ठेवली आहे. तुमच्यापैकी एकाने ती चालवत आणा, एकाची गाडी रेल्वेने पाठवा, कसं ते तुम्ही बघा. आणलीत की लियोंगच्या टायरच्या दुकानात ठेवा, माझ्या दारात आणू नका. पुढे तिचं काय करायचं ते मी सांगेन.

घाटात गाडी डावीकडे जरा ओढते, सांभाळून ये. हे रागात नाही लिहिलं.

आल्यावर लगेच भेटायला येऊ नकोस. समजूत घालायला लियोंगला तर मुळीच पाठवू नकोस. मला तुमची क्षमा मागणारी तोंडं बघायची नाहीत. ज्या दिवशी माझ्या तोंडावर मला न आवडणारं काही सांगायची हिंमत होईल, त्या दिवशी ये. आधी ते सांग, मग बस.

दार उघडेन की नाही, याचं वचन देत नाही.

शहारोम