तिसरा कागद

॥ श्री ॥
सिडको, छत्रपती संभाजीनगर
३ नोव्हेंबर २०२५

ती. मुकुंदकाकांना सावनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायची वेळ तुम्हीच आणलीत. फोनवर तुम्ही सगळ्याला होय म्हणता. मागच्या खेपेला विचारलं, जेवलात का, तर होय. काय जेवलात, तरी होय. आई म्हणाली, त्यांना फोनचा कंटाळा आहे, कागद पाठव.

मी आणि सोमनाथ जो पॉडकास्ट करतो, तो तुम्ही अजून एकदाही ऐकलेला नाही, आणि त्याचा राग माझ्या मनात आहे. आम्ही कष्टाची कामं करणाऱ्या माणसांशी तासभर बोलतो आणि ते लोकांना मोबाइलवर ऐकवतो. बोलायला तास लागतो, पण ते कागदावर उतरवून नको ते कापायला चार दिवस जातात. नोकऱ्या सांभाळून झेपेना, म्हणून आता एआयची मदत घ्यायचं ठरवलंय. तीन टूल लावून पाहिली. पन्नास मिनिटांचं बोलणं प्रत्येकानं चहा होईपर्यंत लिहून काढलं. मी स्क्रीनकडे बघत राहिले आणि चहा उतू गेला. खरंच थक्क व्हायला होतं, काका.

पण तिघांचं लिहिणं तीन तऱ्हांचं आहे. कोणतं ठेवायचं, हे मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानंच सांगावं. मुद्दाम तुमच्या ओळखीचं माणूस निवडलंय: देवगाव रंगारीच्या तुमच्या शाळेत तीस वर्षं घंटा देणाऱ्या चतुराबाई. सोमनाथनं घरी जाऊन त्यांना रेकॉर्ड केलं. मी अजून ऐकलेलं नाही. तीन टूलच्या कागदांचे तीन गठ्ठे आणि पेनड्राइव्ह सोबत आहे. ऐकून ताडून पाहा.

मी काही जास्त बोलले असेन तर रागवा, पण लोभ तेवढा कमी करू नका.

तुमची,
सावनी


॥ श्री ॥
कन्नड
८ नोव्हेंबर २०२५

चि. सावनीस अनेक आशीर्वाद.

पेनड्राइव्ह परत पाठवतो आहे. तो ऐकलेला नाही. का, ते पुढे लिहितो.

पहिला कागद वाचला. शुद्धलेखनाला दहापैकी दहा. पण त्यातली बाई चतुराबाई नाही. 'विद्यार्थ्यांच्या सहवासात मला अत्यंत आनंद होत असे,' असं ती जन्मात म्हणणार नाही. दुसऱ्यानं तर सगळ्या बोलण्याचे सात मुद्दे करून ठेवलेत. पाचवा मुद्दा: 'शिक्षकांचे प्रोत्साहन लाभले.' वाचून मी सुखावलो, कारण तो शिक्षक मीच असणार.

मग तिसरा घेतला. त्यात लई आहे, व्हय आहे, अडखळणं आहे, मध्येच ती खोकली तर तेही कंसात आहे. दुसऱ्या ओळीपासून मला तिचा आवाज यायला लागला. मी चष्मा काढून ठेवला आणि पुन्हा लावला. सावनी, गेली अडीच वर्षं मला कुणाचंच साधं बोलणं ऐकू येत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. समोरच्याचे ओठ हलले की हसतो आणि छान म्हणतो. फोनवर होय म्हणतो. एवढ्यावर भागतंय, अशी माझी समजूत होती. आणि तुझ्या त्या यंत्रानं कागदावर एक जिवंत बाई बोलती केली. मी वाचत नव्हतो, ऐकत होतो.

चौथ्या पानावर ती म्हणते: 'सर बाजारात भेटले. म्या म्हन्लं, सर, आमचे मालक गेले. सर हसले. छान, छान म्हन्ले. मंग म्या पिशवी उचलली. तवापासून बोलनं नाय.'

पहिल्या कागदात हीच जागा शोधली. 'मालक बाहेरगावी गेल्याचे मी सरांना सांगितले. त्यांनी समाधान व्यक्त केले.' आपल्याकडे बाई नवऱ्याला मालक म्हणते, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार. आणि दुसऱ्यातलं प्रोत्साहन ते हेच.

तिचा नवरा गेल्याचं मला आज कळलं. दीड वर्षानं. बाजारात ती तोंड फिरवायची, तेव्हा मला वाटायचं, पेन्शन लागल्यावर बाई शिष्ट झाली. रुसलो होतो मी तिच्यावर. आता लाजेनं जीव अर्धा झालाय. माफी मागायला जावं, तर ती काय बोलेल ते मला कळणार नाही आणि मी पुन्हा हसून बसेन, याची भीती वाटते.

टूल तिसरंच घे. ते ऐकलेलं लिहितं आणि अर्थ आपल्यावर सोडतं. माझ्या कानांचं तुझ्या आईला तूच सांग. माझा धीर होत नाही.

तुझा,
मुकुंदकाका


॥ श्री ॥
छत्रपती संभाजीनगर
१३ नोव्हेंबर २०२५

ती. काकांना सावनीचा शि. सा. न. वि. वि.

ऑफिसात पत्र फोडलं आणि सगळ्यांसमोर रडले. तुम्ही पॉडकास्ट ऐकत नाही म्हणून मी रुसले होते. तुम्ही तिकडे, मी इकडे. रुसण्यात आपलं घराणं एकच.

तिसरंच घेतलंय. हेच टूल समोरच्याचं बोलणं तिथल्या तिथं लिहूनही दाखवतं. हे पत्र आणि माझा जुना फोन तिकडे येणाऱ्या अमेयदादाबरोबर पाठवते आहे. अक्षरं मोठी करून दिलीत. दोघांच्या मध्ये ठेवा, त्यांना बोलू द्या आणि वाचा. हसायचं मात्र नाही. तुम्ही जाऊन येईपर्यंत चतुराबाईंचा भाग आम्ही थांबवलाय. कानाच्या डॉक्टरांकडे आई स्वतः नेणार आहे, त्यातून सुटका नाही.

माझ्यावरचा लोभ अजून शिल्लक असेल, तर फोन मिळताच निघा.

तुमची,
सावनी


॥ श्री ॥
कन्नड
१९ नोव्हेंबर २०२५

चि. सावनीस अनेक आशीर्वाद.

काल देवगावला गेलो. चतुराबाई अंगणात मक्याची कणसं सोलत होती. बस म्हणाली नाही. मी आपणच खाली बसलो, फोन मध्ये ठेवला आणि सगळं सांगून टाकलं: मला ऐकू येत नाही, बाजारातही आलं नव्हतं, ती काय सांगते आहे ते न कळताच मी हसलो होतो, माझं चुकलं.

ती सोलत राहिली. फोनच्या काचेवर नुसते माझेच शब्द होते. मग खाली तिचे उमटले: 'मंग सांगायचं नाय व्हय, सर. मोठ्यानं बोलले असते म्या.'

त्यानंतर ती तासभर बोलली. नवऱ्याचा ताप, कन्नडचा दवाखाना, शेवटच्या दिवशी त्यानं मागितलेलं ताक. तिचे ओठ हलायचे आणि क्षणात तिचेच शब्द माझ्यासमोर यायचे. इतकी वर्षं फळ्यावर अक्षरं काढली, पण अक्षर एवढं करू शकतं हे मला माहीत नव्हतं. जिथं हुंदका आला तिथं ओळ थांबली आणि मीही थांबलो. दीड वर्ष उशिरा का होईना, तिचं दुःख मला तिच्या तोंडून कळलं. तिचं बोलणं लोकांना ऐकवायला तिची हरकत नाही.

मग तिनं विचारलं, तुम्ही सारखं त्यात काय बघता. तीस वर्षं शाळेत काढली, पण तिला वाचता येत नाही. मी सांगितलं, तुझंच बोलणं लिहिलं जातंय. म्हणेल ते सगळं लिहितं का, तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं पदराला हात पुसले, दाराकडे कुणी नाही ना ते पाहिलं आणि फोनवर वाकून काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं नाही. काचेवर एकच शब्द आला: कडूबा.

बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. इतक्या वर्षांत मी ते तिच्या तोंडी कधी ऐकलं नव्हतं. मी तीन अक्षरांवर बोट ठेवून म्हणालो, हे बघ, हे ते. ती बघत राहिली. मग सरळ बसली आणि पुन्हा म्हणाली, यावेळी मोठ्यानं, कारण तेवढं मला ऐकू आलं.

तुझा,
मुकुंदकाका