वार नसलेली नऊ नावं

२ डिसेंबर, मोन्यवा, म्यानमार
आले एकदाची! अंत्यविधी मदत संस्थेत नोकरी म्हटल्यावर यांगूनच्या मैत्रिणींनी नाकं मुरडली. मुरडू देत. ऑफिसच्या मागेच दोन खोल्या मिळाल्यात, आईही सोबत आहे. काम माझ्या आवडीचं: एकसष्ट सभासदांची यादी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणायची आणि नावं क्रमाने लावायची. अध्यक्षांनी आल्या आल्या आम्हा दोघींनाही सभासद करून घेतलं. आई खूश, म्हणे, आता माझ्या तिरडीची तुला काळजी नाही. शववाहिकेचा ड्रायव्हर को ट्वे तोंडाचा फटकळ. त्याचं रडगाणं असं की गाडी नुसती बाहेरच्यांसाठी पळते, दोन वर्षांत सभासद एकही मेला नाही, सगळे अमरपट्टा घेऊन आलेत.

४ डिसेंबर
माझ्याआधीचे कारकून ऊ म्या थीन आता भिक्खू होऊन मठात राहतात. त्यांनी यादी जन्मवाराप्रमाणे लावली होती. आमच्यात जन्मवारावरून नावाचं पहिलं अक्षर ठरतं, तेव्हा म्हाताऱ्यांना ते सोयीचं, मला नाही. सगळ्यात वर नऊ ओळी निव्वळ गिचमिड, कुठल्याच वारात न बसणाऱ्या. एन्कोडिंग बदलल्यावर त्यांची नुसती प्रश्नचिन्हं झाली. मी त्या पुसल्या, वारांचा नियम काढला आणि ऊ, दॉ ही मानाची उपपदं सोडून वर्णमालेचा क्रम लावला. यादी लख्ख झाली. संध्याकाळी आईसोबत दॉ क्यी नूच्या टपरीवर आंबवलेल्या चहापत्तीचं लपे खाल्लं. बाई प्रेमळ आहे, पैसेच घेईना.

५ डिसेंबर
यादीतले पहिले, ऊ काँ टिन, आज सकाळी वारले. वय झालं होतं. पण को ट्वे गोंधळलाय. त्याला सहाला फोन आला, तो पोचला तर म्हातारा ओट्यावर चहा पीत बसलेला! अर्धा कप प्याला आणि कलंडला.

६ डिसेंबर
दुसरं नाव गेलं. को ट्वेला विचारलं, फोन करतं कोण? म्हणाला, ऑफिसमधूनच येतो की, ताई, नुसतं नाव सांगतात आणि ठेवतात.
ऑफिसची किल्ली माझ्याकडे असते.

७ डिसेंबर
तिसरी दॉ क्यी नू. टपरीवरच, हातात किटली.
तशीच मठात धावले. ऊ म्या थीन रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. न वाचता येणारी ती नऊ खोटी नावं त्यांनीच मुद्दाम वर घातली होती. न्यायला येणारा रोज सकाळी यादीतलं सगळ्यात वरचं नाव वाचतो. वाचता आलं नाही तर रिकाम्या हाताने परत जातो. पोरी, तू त्याला चष्मा करून दिलास, असं म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.
परत येऊन यादी उघडली. वरची तिन्ही नावं आपोआप गेली आहेत. आता वर ऊ क्यॉ झान, खाली दॉ खिन यी.
दॉ खिन यी म्हणजे माझी आई.

८ डिसेंबर
क्यॉ झान गेले.
गिचमिड ओळी पुन्हा भरायला गेले. नवं एन्कोडिंग घेत नाही, चुकीची अक्षरं म्हणतं. मीच लावलंय ते.
जुनं परत लावू म्हटलं — यंत्र सांगतं, यादी वापरात आहे.
आईचं नाव पुसते — यादी वापरात आहे.
कोण वापरतंय? यंत्र एकच. खुर्ची एकच. वायर काढली, परत जोडली. तेच उत्तर.
आईला घेऊन पळावं तर यादी इथेच राहणार —
एवढंच बदलू देतंय. क्रम. चढता किंवा उतरता. चढता तर आई.
उतरता तर — आमच्या वर्णमालेत अ, ए सगळ्यात शेवटी, तेव्हा यादीतलं शेवटचं नाव. एइन ह्निन.
मी.

९ डिसेंबर
उतरता केला. पाच पन्नासला.
आई मोहिंग्याचा माशाचा रस्सा ढवळतेय, गुणगुणतेय. बरं वाटतंय. खरंच बरं —
तिला सांगितलं नाही. काय सांगू?
सहा. ऑफिसात फोन उचलल्याचा आवाज. किल्ली माझ्या मुठीत आहे.
माझं नाव. कुणीतरी हळू, अक्षर लावत —
को ट्वेची गाडी आली. हॉर्न नाही वाजवला त्याने. दारात उभा आहे, आत येत नाही. रडतोय का —
आई त्याला म्हणतेय, अरे ये ना आत, बस, गरम आहे, खाऊन जा, ती काय, इथेच लिहीत बस